शनिवारची ट्रॉली

शनिवारी दुपारी आमच्या इमारतीत कुणी कुणाला फोन करत नसे. केलाच, तर पलीकडच्याला एवढंच कळायचं की आपण कुठल्यातरी मोठ्या यंत्राच्या पोटात उभे आहोत आणि अजून जिवंत आहोत. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतली ती जुनी दुमजली इमारत, खाली रांगेत गाळे. एका गाळ्यात मी बाटल्या आणि डब्यांवर छपाई करायचे. शेजारच्या गाळ्यात काका. आमच्यामध्ये कमरेपर्यंत विटांची भिंत आणि वर पत्रा होता. पत्र्यातून काय ऐकू येतं आणि काय नाही हे मला कुणी विचारू नये, कारण सगळंच ऐकू यायचं.

काका हवाई दलातून निवृत्त झालेले. हवाई दल म्हटलं की समोरचा माणूस आदराने जरा ताठ बसतो, आणि काका लगेच त्याला मोकळं करायचे. ते उडणाऱ्यातले नव्हते. विमान जमिनीवर असतानाच त्यांचं काम सुरू व्हायचं आणि विमान हललं की संपायचं. लढाऊ विमानाचं इंजिन म्हणे आपलं आपण सुरू होत नाही. रस्त्यात एखाद्या गाडीची बॅटरी उतरली की दुसरी गाडी शेजारी आणून वायर जोडतात, तसलाच प्रकार, फक्त वायर मनगटाएवढी जाड. ती वायर विमानाच्या पोटात खोचायची, इकडून वीज सोडायची, विमानाने धुगधुगी धरली की वायर ओढून काढायची आणि बाजूला व्हायचं. ही वीज देणारी चाकांवरची गाडी म्हणजे ट्रॉली. काकांनी उभा जन्म तिच्याशेजारी काढला.

त्यांच्या तळावरच्या एका ट्रॉलीचं मूळ इंजिन बाहेरदेशातलं. ते बसलं, सुटे भाग येईनात. मग साहेबलोकांच्या मोडीत निघालेल्या दोन मोटारींची इंजिनं काढून काकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी एकाच सांगाड्यावर शेजारी शेजारी बसवली आणि दोघांचा जोर एका डायनॅमोला जोडला. साहेबांना बाजारात आणि क्लबात नेणारी ती इंजिनं पुढे लढाऊ विमानांना जागं करायच्या कामाला लागली. काका त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे. जावा-जावा. थोरली तापायला वेळ घ्यायची, पण तापली की दमदार. धाकटी लगेच आवाज चढवायची आणि ऐन वेळेला कच खायची. दोघींना एका घरात नांदवणं हे काकांचं काम होतं, आणि ते करून दमलेल्या माणसाच्या सुरात ते त्याबद्दल बोलायचे.

पायलटने बटण दाबलं की सगळा भार एका क्षणात दोघींवर यायचा. आवाज एकदम बसायचा. त्या क्षणी कोण मागे पडतेय हे ओळखून तिला हाताने रेस द्यावी लागायची. कानावर लावायला जाड टोप्या मिळत, पण त्या घातल्या की थोरली कुठली आणि धाकटी कुठली हे कळेनासं व्हायचं. म्हणून काका टोप्या काढून ठेवायचे. समोर जेट, हाताशी दोन इंजिनं आणि कान उघडे. निवृत्त झाले तेव्हा त्यांना ऐकू येत नव्हतं म्हटलं तरी चालेल.

तीच ट्रॉली पुढे तळावरच्या भंगारात निघाली आणि काकांनी ती लिलावातून घेऊन मरोळला आणली. पोटापाण्यासाठी ते मोटारींचे सेल्फ स्टार्टर आणि डायनॅमो दुरुस्त करत. अर्धा गाळा कामाला, अर्धा ट्रॉलीला. शनिवारी दुपारी ते ती सुरू करत. धूर जायला खिडकीतून पाइप काढला होता. नुसती सुरू करून भागत नसे, कारण भार नसला की इंजिन नुसतं ओरडतं आणि भार आला की बोलतं, असं त्यांचं म्हणणं. मग डायनॅमोला त्यांनी जुन्या हीटरच्या कॉइली जोडल्या होत्या. विमानाऐवजी कॉइली. त्या लालभडक व्हायच्या, गाळ्याची भट्टी व्हायची, माझ्या बाजूचा पत्रा थरथरायचा आणि बाटलीवर लाल रंग एकीकडे आणि पिवळा दुसरीकडे जाऊन बसायचा. सुरुवातीला मी भांडले. इमारतीच्या सभेतही विषय काढला. काकांनी सगळ्यांकडे बघत मान हलवली, हो हो म्हणाले, आणि पुढच्या शनिवारी ट्रॉली सुरू केली. मग मी शनिवारी दुपारी छपाई बंद ठेवून हिशेबाची कामं करायला लागले. माणूस थकतो तो असा, एकेका शनिवारी थोडा थोडा.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मला आधी वाटलं जुन्या नोकरीची हौस. पुष्कळ निवृत्त माणसं युनिफॉर्म जपून ठेवतात, ह्यांनी ट्रॉली ठेवली. पण मग काकी यायला लागल्या. म्हणजे त्या येतच होत्या, माझं लक्ष उशिरा गेलं.

काकी असल्फ्याहून यायच्या, पूर्वी बसने, नंतर मेट्रोने. असल्फ्याच्या डोंगरावर त्यांची खोली. गावाहून मालवणी घेऊन आलेली आणि मुंबईत तिला कुठेही धक्का लागू न दिलेली बाई. हातात डबा, पदर खोचलेला. त्या आल्या की डबा कॉइलींजवळ गरम करायला ठेवायच्या, काका दोन्ही इंजिनं भारावर घ्यायचे, दोघं ट्रॉलीच्या दोन बाजूंना स्टुलांवर बसायची आणि बोलायची. म्हणजे ओरडायची. आठवड्याचं सगळं त्या वेळात बोलून व्हायचं. नळाला पाणी कमी येतंय, बोरिवलीला दिलेल्या मुलीच्या सासूचा गुडघा, गावच्या घराची कौलं, कुणाच्या बारशाला काय न्यायचं. काकासुद्धा तेवढ्याच मोठ्याने उत्तरं द्यायचे, वाद घालायचे, हसायचे. सभेत मान हलवणारा माणूस तो हाच, यावर विश्वास बसू नये.

काकींनी एकदा माझ्याकडे पाणी प्यायला बसल्यावर मला ते समजावलं. घरी त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. खोल्या चिकटून. ओरडलं की शेजारी दार उघडून बघतात, आज काय झालं म्हणून. आणि काकांना घरात ओरडणं ऐकून घ्यायची लाज वाटते, मग ते न ऐकताच हो हो म्हणून मोकळे होतात. इथे गोंगाटात सगळेच बहिरे, सगळ्यांनाच ओरडायला लागतं, त्यात काकांना कमीपणा वाटत नाही. शिवाय त्या इंजिनांच्या आवाजात त्यांचा कान कसा कोण जाणे जागा होतो. "घराक ओरडलंय तर भांडाण वाटता," काकी म्हणाल्या, "हयसर ओरडलंय तर बोलणा वाटता." त्यानंतर मी सभेत तो विषय कधी काढला नाही.

पण त्यामुळे झालं असं की त्यांच्या घरातलं सगळं अख्ख्या इमारतीला पाठ. मुलीच्या लग्नाची बोलणी आम्ही सर्वांनी ऐकली होती. मुलाकडच्यांना सोफा हवा की कपाट यावर काकींनी काकांना विचारलं, आणि काका विचार करत असताना समोरच्या वेल्डरने तोंडावरची काच वर करून सांगितलं, "कपाट दे दो काकी, सोफा फट जाता है." कपाटच दिलं. त्या दोघांना आपण खाजगी बोलतोय याबद्दल जराही शंका नव्हती. काकांना वाटायचं, एवढ्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार.

मुलीने त्यांना श्रवणयंत्र आणून दिलं होतं. चांगलं, महागाचं. काकांनी ते थोडे दिवस लावलं आणि डबीत ठेवून दिलं. त्यातून सगळ्यांचे आवाज सारखेच, पत्र्याचे येतात म्हणाले. काकींचा आवाज आणि टीव्हीवरच्या बातमीवालीचा आवाज एक, हे काही त्यांना पटलं नाही. मुलगी रागावली. काका हो हो म्हणाले.

काकांच्या आणखी काही तऱ्हा होत्या. सगळ्या त्या ट्रॉलीतून आलेल्या. कुठल्याही गोष्टीची ते सुरुवात बघत आणि निघून जात. लग्नात अक्षता पडल्या की हे बाहेर. पूजेला पहिल्या अध्यायापर्यंत. माझ्या नव्या मशीनची पूजा होती तेव्हा नारळ फुटला आणि पेढे वाटायला वळले तोवर काका आपल्या गाळ्यात जाऊन सेल्फ उघडून बसलेले. मी ओरडून विचारलं, पेढा? तर हात झटकून म्हणाले, "चालू झाला मां? मगे आपला काय काम थंय?" क्रिकेटची पहिली ओव्हर बघायची, मालिकेचा पहिला भाग. शेवट काय झाला हे त्यांना कधीही माहीत नसायचं आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नसायची. काकी म्हणायच्या, ह्या माणसाने आयुष्यात एक पिक्चर पुरा बघितलेला नाही.

दुसरं म्हणजे निरोप. कुणी गाळ्यावरून जायला निघालं की काका बाहेर येऊन रिक्षाच्या पुढे, डाव्या अंगाला, चालकाला दिसेल असे उभे राहायचे आणि एक हात वर धरायचे. रिक्षावाल्याने त्यांच्याकडे बघून मान हलवेपर्यंत हात खाली नाही. नवीन रिक्षावाले घाबरायचे, वाटायचं पोलिसातला कुणीतरी आहे. तळावरची ती रीत होती. वायर विमानातून काढली की तिचं टोक हातात वर धरून पायलटला दिसेल असं उभं राहायचं, म्हणजे त्याला कळतं की आपल्या पोटात आता काही अडकलेलं नाही, आपण सुटे आहोत. त्याने पाहिलं असं कळल्याशिवाय जागचं हलायचं नाही. काका म्हणायचे की विमान चालू करणं निम्मं काम, आणि तू सुटलास हे त्याला दाखवणं निम्मं.

याच रितीपायी गोरेगावच्या एका शूटिंगला झालेली गंमत मी स्वतः बघितली आहे. लढाईवरची वेबसिरीज होती. अंधेरीतल्या कुणाकडून त्यांना कळलं की मरोळला एका म्हाताऱ्याकडे खरी ट्रॉली आहे. भाड्याने हवी, आणि ती चालवणाऱ्याचं काम करणाऱ्या नटाला शिकवायला म्हाताराही हवा. काकांना बोलणं समजावं म्हणून मला सोबत नेलं. तिथे एक लढाऊ विमान उभं होतं, प्लायवुडचं, करड्या रंगाचं, दुरून हुबेहूब. काकांनी त्याला पूर्ण फेरी मारली, पोटाखाली वाकून पाहिलं आणि वायर कुठे खोचायची असं विचारलं. भोक नव्हतं. सुताराने दहा मिनिटांत पाडून दिलं.

नट गुणी मुलगा होता, सांगितलेलं सगळं नीट केलं. तरी दुरून घ्यायच्या शॉटला पाठमोरे काकाच उभे राहिले. दोन्ही इंजिनं सुरू झाली, काकांनी वायर ओढून काढली, ट्रॉली बाजूला ओढली गेली, काका विमानाच्या पुढे डाव्या अंगाला जाऊन हात वर करून उभे राहिले. दिग्दर्शकाने कट म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग जेवणाची सुट्टी झाली, लोक पांगले. काका तसेच उभे. मी जाऊन खूण केली, संपलं. ते वर बघत राहिले. कॉकपिट रिकामं होतं, पायलट झालेला दुसरा नट केव्हाच उतरून व्हॅनमध्ये गेला होता. ऊन चढलेलं आणि ह्या वयाच्या माणसाचा हात अजून वरच. मला हसायला येत होतं आणि रागही येत होता. शेवटी चहाचा ट्रे घेऊन चाललेले एक स्पॉटदादा थांबले, त्यांनी एकदा काकांकडे आणि एकदा विमानाकडे पाहिलं, ट्रे खाली ठेवला, शिडीने वर चढले, त्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि खाली बघून अंगठा दाखवला. काकांनी हात खाली घेतला आणि जेवायला आले. येताना टेम्पोत काका चिडलेले नव्हते, फक्त दमलेले होते. त्या विमानात भार नव्हता, एवढंच म्हणाले.

पुढे इमारत धोकादायक ठरली आणि पाडायचं ठरलं. गाळे रिकामे करा म्हणून नोटिसा लागल्या. कुणाला वसईकडे जागा मिळाली, कुणी धंदाच आवरला. मीही आवरला. भांडायची ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर छपाईचाही कंटाळा आला होता. ट्रॉलीचं काय करायचं हा प्रश्न होता. असल्फ्याच्या डोंगरावर ती चढणार नव्हती. त्या शूटिंगवाल्यांना सामान पुरवणारा एक माणूस ती घ्यायला तयार झाला, पण इंजिनांसकट नको, वजन फार होतं म्हणाला. सांगाडा त्याच्याकडे आणि इंजिनं भंगारात. काका हो हो म्हणाले, आणि या वेळी त्यांनी ते नीट ऐकलेलं होतं. मी विचारलं, वाईट वाटतं का. तर म्हणाले, दोघी म्हाताऱ्या झाल्या, किती दिवस नांदवायच्या.

त्याच सुमाराला काकी आजारी पडल्या. पोटाचा कॅन्सर निघाला. मुलीने धावपळ केली, मोठ्या हॉस्पिटलात नाव घातलं, इंजेक्शनांचा कोर्स सुरू झाला. काकी शनिवारी येईनाशा झाल्या. काका एकटेच ट्रॉली सुरू करून बसायचे आणि लवकर बंद करायचे. डबा ते घरून स्वतःच आणायचे आणि थंडच खायचे.

एक दिवस, शनिवार नव्हता, काकी अचानक माझ्या दारात. काका कुठेतरी सेल्फ पोचवायला गेले होते. एवढीशी झाली होती बाई, आणि आवाज तर गेलाच होता, कुणी घशावर हात धरलाय असा. मी खुर्ची दिली. त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. कोर्स पुरा होऊनही आजार हटला नव्हता आणि दुसरा, जास्त कडक कोर्स करायचा असं ठरत होतं. काकींना तो नको होता. डॉक्टरांनी विचारल्यावर त्याने फार तर थोडे महिने वाढतील असं सांगितलेलं, आणि ते महिने त्यांना उलट्या करत हॉस्पिटलच्या खाटेवर काढायचे नव्हते. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, कपाट की सोफा सांगावं तसं.

"पोरीक सांगलंय, ती आयकना नाय," त्या म्हणाल्या. "डॉक्टराक सांगलंय, तर म्हणता घरच्यांका इचारा. आता ह्यांका सांगूचा रवला."

घरी दोनदा सांगून झालं होतं. काका हो हो म्हणाले आणि सकाळी उठून हॉस्पिटलची फाइल पिशवीत घालून तयार. त्यांना ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, हे काकींनाही कळत नव्हतं. मी आपलं सुचवलं, लिहून द्या ना एका कागदावर. काकींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. "अशी गोष्ट काय लिवन दितत?" एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, ट्रॉली कधी जाणार. मी सांगितलं, या रविवारी.

शनिवारी दुपारी रिक्षा आली. काका, काकी आणि एक कपड्यांची बॅग. तिथून पुढे हॉस्पिटलला जाऊन काकींनी दाखल व्हायचं होतं, मुलगी परस्पर तिकडे येणार होती. काका गाळ्यावर थांबायला तयारच नव्हते, पण काकी मेट्रो स्टेशनपासून हट्ट धरून बसल्या होत्या म्हणे, आधी मरोळ. रिक्षावाल्याला थांबवून ठेवलं. इमारत जवळजवळ रिकामी झाली होती. समोरचा वेल्डर शेवटचं सामान बांधत होता, मी रिकाम्या गाळ्यात खोक्यांवर बसले होते. मधला पत्रा आदल्या दिवशी भंगारवाल्याने नेला होता, त्यामुळे आता मला दिसतही होतं.

काकांनी थोरली सुरू केली, मग धाकटी. तापू दिल्या. कॉइली जोडल्या, भार आला, आवाज बसला, काकांनी रेस दिली आणि दोघी एका सुरात लागल्या. मला कबूल करायला हवं, तो आवाज इतकी वर्षं माझ्या डोक्यात गेला, पण त्या दिवशी बरा वाटला. काकी आपल्या स्टुलावर बसल्या. बसून थोडा दम घेतला. मग सगळा जीव गोळा करून ओरडल्या.

"माका आता थंयसर जावचा नाय. पुरे झाला."

मला ऐकू आलं. वेल्डरला आलं, त्याच्या हातातली दोरी थांबली. काकांचा हात रेसवर होता, तो दचकला आणि धाकटीचा आवाज एकदम चढला. म्हणजे त्यांनाही आलं होतं. काकांनी कानाला हात लावला आणि विचारलं, "काय म्हणतंस?"

काकी पुन्हा ओरडल्या. तेच शब्द. या खेपेला आवाज मध्येच फाटला आणि त्यांना खोकला आला. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. इंजिनांकडे बघत मान हलवली आणि म्हणाले, "माका आयकाक येना नाय."

इतक्या वर्षांत त्या ट्रॉलीपाशी मी हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. तीच तर एक जागा होती जिथे त्यांना ऐकू यायचं. संपत आलेल्या गोष्टीपाशी उभं राहायची त्या माणसाला सवयच नव्हती, आणि आता पळायला जागा उरली नाही तर तो बहिरेपणात शिरून बसला होता. मला त्यांचा भयंकर राग आला. आणि रडायलाही आलं. उठून तिकडे जावं आणि त्यांच्या कानात मीच ओरडून सांगावं असं वाटलं, पण उठवलं नाही.

तिसऱ्यांदा ओरडायची ताकद काकींकडे नव्हती. त्या स्टुलावरून उठल्या, ट्रॉलीला हाताने धरत धरत वळसा घालून काकांच्या बाजूला गेल्या. काकांचा रेसवरचा हात त्यांनी हलवला नाही. नुसत्या समोर उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांना दुसरीकडे बघता येईना. आणि मग बोलल्या. हळू. चारचौघांत नवरा-बायको बोलतात तशा. ओठ हलताना मला दिसले, बराच वेळ हलत होते. इंजिनं पुऱ्या भाराने चालू होती. त्यांच्या घरातलं पाणी, कौलं, कपाट, सगळं मी या कानांनी ऐकलं होतं, आणि त्या दिवशी काकी काय म्हणाल्या त्यातला एक शब्द मला ऐकू आला नाही. वेल्डरलाही आला नाही, त्याने मला नंतर विचारलं.

काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मध्ये एकदा काहीतरी बोलायला गेले, काकींनी मान हलवली, आणि ते थांबले. मग त्यांचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. त्यांनी बाहीने तोंड पुसलं. आधी धाकटी बंद केली, मग थोरली. कॉइली लाल होत्या त्या हळूहळू काळ्या पडल्या. गाळ्यात एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

काकांनी बॅग उचलली. दुसऱ्या हाताने काकींना धरून रिक्षापर्यंत नेलं, आधी त्यांना बसवलं, मग स्वतः बसले. रिक्षावाल्याने हँडल धरत विचारलं, हॉस्पिटल ना? त्याने ते अगदी हळू विचारलं होतं.

"नाय," काका म्हणाले. "असल्फा."